आई, तुम्ही थांबवलेलं मरीयेचं स्तोत्र

आई, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. चर्चच्या मंडळीच्या मासिकासाठी तुमच्याबद्दल काहीतरी लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी दोनदा सांगितलं. जन्म कुठला, नर्सिंगचं शिक्षण कुठं झालं, लेबर रूममध्ये किती वर्षं काढलीत, हे सगळं अनिलनं एका कागदावर लिहून दिलं. मुलाचं काम त्यानं केलं. सुनेकडे त्या कागदावर मावण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आहे ते आपलं एक भांडण. ते तुमच्या-माझ्यात कधी मिटलं नाही, आणि आता मिटवायला तुम्ही नाही.

भांडण मरीयेच्या स्तोत्रावरून होतं. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, पण हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. बायबलातल्या शुभवर्तमानात आहे ते. लग्न ठरलेली पण न झालेली एक मुलगी, मरीया. तिला दिवस गेलेत. ती उठते आणि डोंगराळ भागातल्या एका गावी, अलीशिबा नावाच्या म्हाताऱ्या नातलग बाईकडे जाते. त्या म्हातारीलाही उतारवयात दिवस गेलेले. दारातच ती या मुलीला धन्य म्हणते, आणि त्यावर मुलगी जे बोलते ते हे स्तोत्र. माझा जीव देवाला थोर मानतो. त्यानं आपल्या दासीच्या दैन्याकडे पाहिलं. मातब्बरांना आसनांवरून खाली ओढलं, खालच्यांना वर नेलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं. म्हणायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तुम्ही ते रोज दिवेलागणीला म्हणायचात, जेवणाच्या टेबलाशी उभ्या राहून. मी त्याला स्तुती मानायला तयार नव्हते, आणि तुम्ही दुसरं काही मानायला तयार नव्हता.

मी लग्न होऊन कर्वेनगरच्या घरात आले तेव्हा मला ते पाठ होतं. आमच्या कोथरूडच्या घरी ते नाताळाच्या आधीच्या रविवारी म्हटलं जायचं, पेटीच्या सुरावर, छान चालीत. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ते पोथ्या वाचून आणि वाद घालून. आडनाव जुनंच राहिलं, आणि त्याबरोबरचा ताठाही राहिला. तुमच्याकडे लग्न ठरलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, "माणसं चांगली आहेत, पण…" तो 'पण' तिनं पुढं कधी पुरा केला नाही. तुम्हाला तो कळला होता. इतक्या वर्षांत तुम्ही तो मला एकदाही ऐकवला नाहीत. मी तुमच्या जागी असते तर ऐकवला असता.

त्याच वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात आपल्या घरी शास्त्राभ्यास होता. नवे पाळक आले होते, तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. हॉलमध्ये सतरंजी अंथरून पंधरा-वीस माणसं बसली होती. पाळकसाहेब म्हणाले, "देवानं मरीयेच्या नम्रतेकडे पाहिलं. आपल्या भगिनींनी ही नम्रता शिकण्यासारखी आहे."

तुम्ही चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात.

"नम्रता नव्हे, पाळकसाहेब," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे, सिस्टर?"

"दैन्य लिहिलंय तिथं. नम्रता आपण धरतो. खालची जागा लोक देतात. देवानं तिच्या स्वभावाकडे नाही पाहिलं, तिच्या जागेकडे पाहिलं."

ते हसले. "भावार्थ एकच की."

तुम्ही ट्रे खाली ठेवलात. "आमच्या गावी विहीर होती. आमचे वडील ख्रिस्ती देवळात पेटी वाजवायचे, आम्ही पक्के ख्रिस्ती, पण विहिरीवर आमची जात बदलली नव्हती. मी आठ वर्षांची असेन. घागर घेऊन खालच्या अंगाला उभी राहायचे. वरून कुणीतरी पाणी ओतेल तोवर. कधी तासभर सुद्धा. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, ते आमच्या विहिरीपर्यंत पोचलं नव्हतं. मी काही तेव्हा नम्र नसायचे, साहेब. रागानं नुसती धुमसत असायचे. आता तुम्हीच सांगा, देवानं माझ्याकडे पाहिलं असेल तर काय बघून पाहिलं असेल?"

मग ट्रे पुढं सरकवत तुम्ही म्हणालात, "चहा घ्या, निवतोय."

सगळे गेल्यावर मी कप विसळता विसळता म्हटलं, "आई, एवढ्या लोकांसमोर ते विहिरीचं सांगायची काय गरज होती? पाळकसाहेबांना वाईट वाटलं असेल."

"त्यांना मी काही बोलले नाही. त्या शब्दाला बोलले."

"तरी पण."

"वाईट त्यांना वाटलं की तुला?"

मला लाज वाटली होती, आणि ती तुमची वाटली होती. खरं तेच आहे. शब्द म्हणजे माझा प्रांत, मी शाळेत मराठी शिकवते, आणि एका शब्दाचा अर्थ तुम्ही माझ्या नव्या घरात माझ्यासमोर दुरुस्त केला होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ग्रंथालयात शब्दकोश उघडून बघितला. तुमचंच बरोबर होतं. घरी येऊन मी हे तुम्हाला सांगितलं नाही.

तुमच्याशी पटवून घेणं तसं अवघड नव्हतं. तुम्ही कमी बोलायचात आणि जे बोलायचात ते सरळ असायचं. जानेवारी संपत आला तरी आपल्या बाल्कनीतला नाताळाचा तारा उतरला नाही म्हणून सोसायटीचे चेअरमन सांगायला आले, तेव्हा तुम्ही त्यांना आत बसवून पाणी दिलंत आणि म्हणालात, "तुमचा दिवाळीचा आकाशकंदील उतरला की माझा तारा उतरवते. दोघांना एकमेकांची सोबत आहे." त्यांनी खिडकीतून स्वतःच्या बाल्कनीकडे पाहिलं आणि गुपचूप पाणी प्यायले. अनिल आणि मी आतल्या खोलीत हसत होतो. अशा तुम्ही होतात, आणि मला तुम्ही आवडायला लागल्या होतात.

मला दिवस गेले तेव्हा तर तुम्ही माझ्या आईपेक्षा जवळच्या झालात. नोकरीतून निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली होती. हजारभर बायकांची बाळंतपणं केलेला हात तुम्ही माझ्या पोटावर ठेवायचात आणि न मोजता सांगायचात, एवढे आठवडे झाले. संध्याकाळी स्तोत्र तुम्ही माझ्या खोलीत येऊन म्हणायला लागलात. एकदा मध्येच थांबून म्हणालात, "हिला तिसरा महिनाही लागला नसेल बघ. उलट्या होत असणार. आणि ही पोरगी तशीच डोंगर चढून गेली. का गेली असेल?"

"देवाचा निरोप सांगायला," मी म्हटलं.

"छे. घाबरली होती म्हणून. अशा वेळी पोरगी देवळात जात नाही, जिला काही विचारावं लागणार नाही अशा बाईकडे जाते."

मला ते फार आवडलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, माझी अलीशिबा म्हणजे या. तुम्हाला कसं सांगणार असलं काही. तेही राहून गेलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी मी तुम्हाला म्हटलं, "आई, कालपासून हालचाल नाही वाटत." तुम्ही भाकरी थापत होतात. हात धुतलेत, मला पलंगावर निजवलंत, कपाटातून तुमची ती जुनी लाकडी नळी काढलीत आणि पोटाला लावून कान टेकवलात. एका बाजूला. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. तुमचा चेहरा पलीकडे होता, मला तुमचे पांढरे केस तेवढे दिसत होते. तुम्ही फार वेळ तशा होतात. मग उठून बाहेर जाऊन अनिलला म्हणालात, "रिक्षा आण." मला तुम्ही काही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. रिक्षात तुम्ही माझा हात धरला होता. तो तुम्ही दाबत नव्हतात. नुसता धरला होता.

मुलगी होती. पोटातच गेलेली. तरी कळा द्याव्याच लागल्या. तुम्ही त्या इस्पितळात नोकरी केलेली, म्हणून तुम्हाला आत येऊ दिलं. सगळं झाल्यावर तुम्ही तिला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. स्वतः आंघोळ घातलीत, पांढऱ्या कापडात गुंडाळलंत आणि माझ्या पलंगाशी आणलंत.

"शुभा, एकदा बघ."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"बघून घे, बाळा. नंतर वाटेल."

"न्या तिला," मी म्हटलं.

तुम्ही थोडा वेळ उभ्या राहिलात. मग गेलात. अनिललाही धीर झाला नाही. त्यानं ती लहानशी शवपेटी उचलली तेव्हा झाकण लागलेलं होतं. तिला कॅम्पाकडच्या आपल्या कबरस्तानात ठेवून तुम्ही दोघं परत आलात, तुमच्या पदराला ओली माती होती, आणि मी विचारलं ते एवढंच, "जेवलात का?"

मी घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही बाहेर उभ्या राहून स्तोत्र सुरू केलंत. तुमचं चुकलं असं मी आता म्हणत नाही. तुमच्याकडे दुसरं काय होतं? पण मी आतल्या खोलीतून ऐकत होते, दूध येत होतं, ते पिळून टाकत होते, आणि तुम्ही भुकेल्यांना पोटभर दिल्याच्या ओळीवर आलात.

"बंद करा ते," मी आतून म्हटलं.

तुम्ही थांबलात.

मी दारात आले. "श्रीमंतांना रिकाम्या हातांनी पाठवलं म्हणे. मी कुठली श्रीमंत होते, आई? मला का रिकामं पाठवलं? आणि तुम्ही याला स्तुती म्हणता. याच घरात, याच आठवड्यात."

अनिल म्हणाला, "शुभा, अगं…"

"नको, अनिल," तुम्ही म्हणालात. "तिचं बरोबर आहे."

आणि तुम्ही ती ओळ तिथंच सोडून स्वयंपाकघरात गेलात. त्यानंतर माझ्या कानावर पडेल असं ते स्तोत्र तुम्ही कधी म्हटलं नाहीत. मला पहिले काही महिने वाटायचं, आज म्हणतील. रोज दिवा लागला की मी कान देऊन बसायचे, की आता सुरू करतील आणि मला पुन्हा ओरडावं लागेल. तुम्ही मात्र टेबल पुसायचात, ताटं घ्यायचात. वर्ष गेलं, दोन गेली. पुढं आम्हाला मूल झालं नाही. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत, दुसऱ्या कुणी विचारलं तर विषय बदललात. माझ्या एका ओरडण्यानं एका बाईची आयुष्यभराची प्रार्थना घरातून गेली होती. आणि ती परत आणायला 'म्हणा आता' एवढे दोन शब्द पुरले असते, हे मला ठाऊक होतं. दोन शब्द निघाले नाहीत, आई.

अकरा वर्षांनी विषय मीच काढला, तोही भांडायलाच. दहावीचे व्याकरणाचे पेपर तपासत टेबलाशी बसले होते. तुम्ही समोर मेथी निवडत होतात. एका मुलीनं भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ लिहिला होता, त्यावर लाल खूण करता करता मी एकदम म्हटलं, "आई, त्या स्तोत्रातली क्रियापदं बघितलीत कधी? ओढलं, नेलं, दिलं. सगळं झाल्यासारखं. काय झालं होतं तिच्या वेळी? राजा गादीवर होता तसाच होता. भुकेले भुकेलेच होते. अजून आहेत. ती खोटं बोलत होती?"

तुमचे हात थांबले. किती वर्षांनी त्या स्तोत्राचं नाव या घरात निघालं होतं. मग तुम्ही पुन्हा पानं खुडायला लागलात.

"तू शाळेतून फोन करतेस, 'आई, मी आलेच.' आणि तासानं येतेस. खोटं बोलतेस का?"

मला हसू आलं. तुम्हीही हसलात. क्षणभर वाटलं, सुटलो आपण यातून.

"आणि हे बघ," तुम्ही म्हणालात, "शेवटची कळ येते ना, तेव्हा बाई ओरडते, 'आलं, आलं.' मूल अजून कुठं आलेलं असतं? पण तिला कळलेलं असतं. मरीया तसं बोलतीये. ती काही झालेल्याचा हिशेब देत नाही."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काही वेळा येत नाही."

तुम्ही मान वर केली नाहीत. "हो. काही वेळा येत नाही."

"मग?"

"मग मला नाही ठाऊक, शुभा. मी तशा बाळंतिणीही पाहिल्यात. त्याही 'आलं'च म्हणतात."

मेथी निवडून झाली होती. तुम्ही देठ गोळा केलेत आणि उठलात. तुमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसताना तुम्ही ते आणलं नाहीत. पाळकांनी, माझ्या माहेरच्यांनी, प्रार्थनेला घरी आलेल्या बायकांनी, सगळ्यांनी मला उत्तरं दिली होती. देवाची इच्छा, देवाची योजना, देवाला हवी होती ती. ऐकून माझं डोकं दुखायचं. 'मला नाही ठाऊक' एवढं फक्त तुम्ही म्हणालात. त्या दिवशी तुमचे पाय धरावेसे वाटले होते. मी पुढचा पेपर ओढला.

एक गोष्ट कबूल करायची आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही सकाळी पर्स घेऊन निघायचात. 'महिला मंडळाला जाऊन येते,' म्हणायचात. महिला मंडळ बुधवारी असतं. हे मलाही माहीत होतं. तुम्ही कॅम्पाकडची बस धरता हेही मला माहीत होतं, कारण मी गॅलरीतून बघायचे. गुडघे दुखायला लागले तरी तुम्ही जात राहिलात. अनिल म्हणायचा, "मी गाडीनं सोडतो," तर म्हणायचात, "बसमध्ये ओळखीचं कुणी भेटतं." तुम्ही कुठं जाता हे मला कळलंच नाही, असं मी लोकांना सांगू शकते. तुम्हाला नाही सांगू शकत. मला कळत होतं. एकदा मी चप्पल घालून जिन्यापर्यंत आलेही होते. तुम्ही खालच्या वळणावर कठडा धरून हळूहळू उतरत होतात. मी वरूनच परत फिरले.

मग तुम्ही आजारी पडलात. छातीत पाणी व्हायचं, पाय सुजायचे, उशा लावून बसवावं लागायचं. डॉक्टरांनी अनिलला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तुम्ही आतून म्हणालात, "इकडेच सांगा, मी हे कितीतरी जणांना सांगितलंय." शेवटच्या शनिवारी दुपारी अनिल औषधं आणायला गेला होता. तुम्ही मला हाक मारलीत.

"शुभा, ते वाचतेस?"

मी विचारलं नाही, कुठलं. तुमचं पुस्तक उशाशी होतं, पान आपोआप उघडलं, इतकं ते मळलेलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. शाळेत धडा वाचावा तसा माझा आवाज कोरडा निघत होता. दासीच्या दैन्याकडे त्यानं पाहिलं, इथपर्यंत आले तर तुम्ही हात वर केलात.

"थांब. इथं थांब."

"दमलात का?"

"नाही. ही ओळ बघ. आयुष्यभर मी त्या 'दैन्य' शब्दावर भांडले, आणि तू त्या क्रियापदांवर." तुम्हाला धाप लागत होती, तुम्ही थांबून थांबून बोलत होतात. "मधला एक शब्द दोघींनी सोडला. पाहिलं. आधी त्यानं पाहिलं. ओढलं, दिलं, नेलं ते सगळं नंतरचं. होईल नाहीतर न होईल. पण पाहिलं ना, तेवढ्यावर ती पोरगी गातीये. विहिरीवर मला एवढंच हवं असायचं. पाणी राहू दे, पण वरून कुणीतरी नुसतं माझ्याकडे बघावं. ते बघायचेच नाहीत. दुसरीकडे बघत पाणी ओतायचे."

मी पुस्तकात बघत होते.

"शुभा."

"हं."

"मी तिला पाहिलं."

मला कळलं, कुणाबद्दल ते. आई, तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि वाट बघत होतात. इतक्या वर्षांनी तुम्ही दार उघडून धरलं होतं. मी फक्त 'कशी होती' एवढं विचारायचं होतं. रंग कुणाचा होता. केस होते का. नाक अनिलचं की माझं. मुठी मिटलेल्या होत्या की उघड्या. हे सगळे प्रश्न माझ्याकडे तयार होते, ते मी रोज कुठं ना कुठं, फळ्यावर लिहिताना, भाजी आणताना, स्वतःला विचारलेले होते. पण मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आई, गोळीची वेळ झाली."

तुम्ही म्हणालात, "बरं." गोळी घेतलीत. पाणी प्यायलात. डोळे मिटलेत.

मला वाटलं, उद्या विचारीन. रविवारी माणसं येत-जात राहिली. सोमवारी सकाळी माझी सहामाही परीक्षेची ड्यूटी होती. तुम्हीच म्हणालात, "जा तू, मी काही कुठं जात नाही." दुसऱ्या तासाला शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, "बाई, घरून फोन आहे."

तिला नीट पाहिलेलं जगात एकच माणूस होतं. आता कुणी नाही. मला रडू येतं ते तुमच्यासाठी की तिच्यासाठी हे मला वेगळं करता येत नाही, आणि करावंसं वाटतही नाही.

तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. आठव्या दिवशी अनिल आणि मी फुलं घेऊन गेलो. कबरस्तानाचा रखवालदार, वाघोलीहून सायकलवर येतो तो म्हातारा, आम्हाला बघून पुढं आला.

"सिस्टर आजींचे ना तुम्ही? दर महिन्याला यायच्या. त्या तिकडं, पोरांच्या बाजूला."

"काय करायच्या?" अनिलनं विचारलं.

"उभ्या राहायच्या. प्रार्थना म्हणायच्या, चांगली मोठ्यानं. मी म्हणलं एकदा, आजी, बसा की. तर म्हणल्या, ही बसून म्हणायची नाही."

अनिल फाटकाकडे वळला. त्याला तिकडे जाववेना. मी एकटी गेले. कुंपणाच्या भिंतीला लागून लहान लहान उंचवटे आहेत. एकाभोवती विटा लावलेल्या, गवत काढलेलं, मधे हाताएवढा एक दगड, त्यावर नाव नाही. नाव आम्ही ठेवलंच नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही हे गवत काढत होतात. मी तुम्हाला घरात जी प्रार्थना म्हणू दिली नाही ती तुम्ही दोन बस बदलून इथं येऊन तिला ऐकवत होतात, आणि घरी येऊन मला विचारायचात, "भाजी कुठली करू?"

मी उभी राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मोठ्यानं सुरू केलं. आवाज फुटत होता, पण निघाला. देवाला थोर मानते म्हणताना मला काहीही वाटलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं, तुम्हाला खोटं चालायचं नाही. माझा विश्वास परत आलेला नाही. मातब्बर आपापल्या जागी बसलेले आहेत आणि माझे हात रिकामेच आहेत. पण त्या एका ओळीवर मी आले, त्यानं पाहिलं, आणि देवाचं मला ठाऊक नाही, आई, पण तुम्ही पाहिलं होतंत. मी तोंड फिरवलं, तिच्या बापानं फिरवलं, तेव्हा तुम्ही तिला दोन्ही हातांवर घेऊन नीट पाहिलंत, आंघोळ घालताना पाहिलंत, कापडात गुंडाळताना पाहिलंत. माझी मुलगी कुणी न पाहता मातीत गेली नाही. याचे आभार मानायचे राहिले होते. ते मी तिथं मानले. तुमचे की त्याचे, मला सांगता येणार नाही.

पुढच्या ओळी मला म्हणता आल्या नाहीत.

फाटकाशी अनिल गाडीला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"म्हटलंस?" त्यानं विचारलं.

"'पाहिलं'पर्यंत," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.